‘गेली का हो?’ : गाडी घरी ठेवा म्हणणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
पुणे आणि पिंपरी-चिंचवडच्या वाहतुकीचे निर्णय घेणारे सर्व अधिकारी, लोकप्रतिनिधी आणि ‘पुम्टा’ या एकत्रित वाहतूक प्राधिकरणाचे सदस्य यांस,

सप्रेम नमस्कार.

आठवड्यातून एक दिवस गाडी घरी ठेवा, बसने या, मेट्रोने या, असं आवाहन आपल्याकडून दरवर्षी होतं. चौकातल्या फलकावर, वर्तमानपत्रात, आता मोबाइलवरही ते दिसतं. मी ते मनावर घेतलं. एक दिवस नाही, पूर्ण महिना माझी स्कूटर पार्किंगमध्ये झाकून ठेवली आणि कामाचे सगळे दिवस बस, मेट्रो आणि पायी असा प्रवास केला. रोज रात्री वहीत वेळा लिहून ठेवल्या. त्या वहीतून जे कळलं ते आपल्यापर्यंत पोचावं म्हणून हे पत्र.

मी धायरीला राहते. ऑफिस डेक्कनच्या अलीकडे, साधारण अकरा किलोमीटर. नवरा फिरतीच्या नोकरीवर, मुलगी बारावीत, आणि आई कर्वेनगरला एकटी असते. एवढं सांगायचं कारण पुढे येईल.

आधी थांब्याबद्दल. आमच्या थांब्याला शेड नाही, एक खांब आहे. त्यावरच्या पाटीचा रंग उडालाय, मार्गांचे आकडे वाचता येत नाहीत. लोक खांबापाशी उभे राहत नाहीत, शेजारच्या केशकर्तनालयाच्या पत्र्याखाली उभे राहतात, कारण सकाळी नऊलाच ऊन तोंडावर येतं आणि पावसात खांबाभोवती घोटाभर पाणी साचतं. बस आली की सगळे पत्र्याखालून रस्त्यात धावतात. पुढे रिक्षा उभ्या असल्या तर बस मधल्या लेनमध्येच थांबते, आणि साडी नेसलेल्या बाईला, काठी घेतलेल्या आजोबांना डाव्या बाजूने घुसणाऱ्या दुचाक्या चुकवत ती उंच पायरी गाठावी लागते.

त्या पत्र्याखाली नवा आलेला प्रत्येक माणूस पहिला प्रश्न एकच विचारतो, ‘गेली का हो?’ किती वाजता आहे, असं कुणी विचारत नाही. वेळेवर भरवसा ठेवायची सवय आमची कधीच मोडली. महिनाभरात मीही हाच प्रश्न विचारायला लागले, आणि उत्तर मिळेपर्यंत पोटात जी धाकधूक होते ती मला पुन्हा नव्याने कळली. ‘आत्ताच गेली’ म्हटलं की पुढची कधी, हे कुणाला माहीत नसतं. दहा मिनिटांत येईल किंवा चाळीस मिनिटांत. कधी अर्धा तास काहीच नाही आणि मग एकाच नंबरच्या दोन गाड्या एकामागे एक, पहिली दाराला लोंबकळेपर्यंत भरलेली, दुसरी जवळजवळ रिकामी.

हे कसं होतं ते मला एका कंडक्टरभाऊंनी समजावून सांगितलं. पहिली गाडी कोंडीत पाच मिनिटं अडकली की पुढच्या थांब्यावर माणसं वाढतात, ती चढायला वेळ लागतो, गाडी आणखी मागे पडते, आणि मागची गाडी मोकळे थांबे घेत तिला येऊन गाठते. चालक आणि कंडक्टर यांच्या हातात यातलं काही नाही. त्यांच्यावर माझा राग नाही, उलट त्या महिन्यात त्यांच्याबद्दल आदर वाढला. तीन-तीन तास न उठता त्या गर्दीत गाडी हाकायची आणि वर प्रवाशांची बोलणी खायची, हे सोपं नाही.

माझ्या वहीत बसमध्ये बसल्यानंतरचा वेळ फारसा वाईट नाही. स्कूटरवर मला चाळीस मिनिटं लागतात, बस धावायला लागली की पंचावन्न. ही पंधरा मिनिटं मी आनंदाने देईन, खिडकीतून बाहेर बघायला मिळतं, हाताला ब्रेकचा ताण नाही. पण नऊ वाजून पन्नास मिनिटांची हजेरी गाठायची तर मी घरातून किती वाजता निघायचं, हे वेळ किती लागतो यावर ठरत नाही, जास्तीत जास्त किती लागू शकतो यावर ठरतं. दहा दिवसांत आठ दिवस बस पंधरा मिनिटांत मिळाली आणि दोन दिवस पाऊण तास लागला, तर मला दहाही दिवस पाऊण तास आधीच निघावं लागतं. लेट मार्क त्या दोन दिवसांचाच लागतो. सरासरी काढून बससेवेचं कोष्टक मांडणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं अशी माझी कळकळीची विनंती आहे. आमचं आयुष्य सरासरीवर चालत नाही.

आता आईबद्दल. ऑफिस सुटल्यावर मी सरळ घरी येत नाही. आठवड्यातून तीनदा आईकडे जाते, औषधं देते, तिची भाजी-दूध बघते, मग घरी. स्कूटर असली की डेक्कनहून कर्वेनगर, तिथून राजाराम पूल ओलांडून सिंहगड रस्ता, वाटेत मुलीच्या क्लासच्या दारात दोन मिनिटं थांबून तिला मागे बसवायचं, भाजीची पिशवी पुढच्या हुकाला, आणि आठच्या आत घरी. हीच फेरी बसने केली तेव्हा तीन गाड्या बदलल्या. तीन वेळा ‘गेली का हो?’. एका हातात पिशवी, खांद्यावर पर्स, आणि साडेनऊला घरात पाऊल. मुलगी त्या दिवशी क्लासहून रिक्षाने आली, तिचे पैसे वेगळे.

आपले मार्ग आखले जातात ते घर ते ऑफिस, उपनगर ते मध्य शहर, अशा सरळ रेषेत. बायकांचा दिवस तसा सरळ नसतो. शाळा, दवाखाना, किराणा, सासर, माहेर, बँक, असे छोटे छोटे तुकडे जोडत आमची फेरी पूर्ण होते. पुण्यात एवढ्या बायका स्कार्फ बांधून दुचाकीवर का दिसतात, याचं उत्तर मला वाटतं इथे आहे. माझ्या आईने लूना घेतली ती १९८६ साली. त्या काळच्या बसने जाऊन शाळेतली नोकरी आणि माझं पाळणाघर दोन्हीच्या वेळा तिला सांभाळता येईनात म्हणून. लूना १९७२ साली बाजारात आली आणि तिने पुण्याच्या किती बायकांना स्वतःच्या पायावर उभं केलं, हे आमच्या घरात अजून कौतुकाने बोललं जातं. आई लूनावरून पर्वतीच्या चढाला पेडल मारायची, ते मला आठवतं. गाडी तिची चैन नव्हती, माझीही नाही.

पैशाचं बोलते. १ जून २०२५ पासून शहर बसचं किमान भाडं पाचाचं दहा झालं, दिवसाचा पास चाळीसवरून सत्तर आणि महिन्याचा नऊशेवरून पंधराशे. डिझेल, सीएनजी, पगार, सगळं महागलं, भाडं कधीतरी वाढणार हे मी समजू शकते. पण माझी फेरी पंचवीस किलोमीटरची. पेट्रोल लिटरमागे शंभराच्या वर असूनही माझ्या स्कूटरला त्यासाठी साठ रुपयांच्या आत खर्च येतो. मासिक पास घेतला तरी कामाच्या दिवसामागे तेवढेच साठ पडतात. म्हणजे एकट्या माणसाला बस फार तर बरोबरीची. मागे मुलगी बसली की स्कूटरचा खर्च तोच राहतो आणि बसचा दुप्पट होतो. विमा आणि सर्व्हिसिंग हे पैसे गाडी घरी ठेवली तरी जातातच. एसटीत मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट आहे. त्याने खेड्यापाड्यातल्या बायका किती मोकळेपणाने तालुक्याला, माहेरी जायला लागल्या ते मी सासरी जाताना डोळ्यांनी पाहते. कर्नाटकात जून २०२३ पासून सरकारी साध्या बसमध्ये बायकांना तिकीटच नाही, बंगळूरच्या शहर बसमध्येही. मी फुकट मागत नाही. पण तीन बस बदलणाऱ्या बाईला तीन वेळा नवं तिकीट काढायला लागू नये, दोन तासांच्या आत कितीही बदला, एकच तिकीट, आणि तेच मेट्रोलाही चालावं, एवढं तर करता येईल.

मेट्रोविषयी मी कृतज्ञ आहे. ६ मार्च २०२२ ला ती सुरू झाली, सप्टेंबर २०२४ मध्ये स्वारगेटपर्यंत जमिनीखालून आली. सहा-सात मिनिटांनी गाडी येते, येतेच, आणि ‘गेली का हो?’ हा प्रश्न तिथे फलाटावर कुणी विचारत नाही. त्या महिन्यातले मेट्रोचे चार प्रवास माझ्या वहीत सगळ्यात शांत आहेत. पण आमच्या सिंहगड रस्त्याला मेट्रो नाही. आणि जिथे आहे तिथेही स्टेशनच्या जिन्यावरून खाली उतरलं की पुढचे तीनशे मीटर कसे जायचे हा प्रश्न उभा राहतो. एका स्टेशनबाहेर मी पाहिलं, पदपथावर अर्ध्या भागात विजेचा डीपी बॉक्स, उरलेल्या अर्ध्यात लावलेल्या दुचाक्या, आणि त्यापुढे खोदलेल्या चराची माती. एक आजी काठी टेकत मुख्य रस्त्यावरून चालत होत्या आणि मागून येणारा डंपर हॉर्न देत होता. मी त्यांचा हात धरला. त्या म्हणाल्या, ‘आत गाडीत बसले की छान वाटतं गं, तिथपर्यंत यायचंच भ्या वाटतं.’ करोडो रुपयांच्या स्टेशनपुढचा हा तीनशे मीटरचा तुकडा कुठल्या खात्याचा, हे आपण आपसात ठरवावं. सगळी खाती एका टेबलाशी बसावीत म्हणूनच तर पुम्टा आहे.

आता मला ज्या गोष्टीचं सर्वांत जास्त वाईट वाटतं त्याकडे येते. आमच्या रस्त्यावर राजाराम पुलापासून फनटाइम थिएटरपर्यंत उड्डाणपूल झाला, २०२४ आणि २०२५ मध्ये टप्प्याटप्प्याने खुला झाला. स्कूटरवर मी त्यावरून जाते आणि वेळ वाचतो, ते नाकारत नाही. पण महिनाभर बसने गेले तेव्हा लक्षात आलं, माझी बस पुलावर चढतच नाही. तिचे थांबे खाली आहेत. वरून मोटारी भुर्रकन जातात आणि साठ-सत्तर माणसांना घेऊन बस खाली सिग्नलला उभी. म्हणजे आपण बांधलेल्या प्रत्येक पुलाने मोटार आणि दुचाकीचा वेळ कमी होतो आणि बसचा तेवढाच राहतो. दोघींमधलं अंतर पुलागणिक वाढतं. मग लोक बस सोडून गाडी घेतात, रस्ता पुन्हा भरतो, आणि पुढच्या पुलाची मागणी होते. विद्यापीठ चौकातले पूल आठवा. कोंडी सोडवायला बांधले आणि २०२० साली पाडावे लागले, वापराची पंधराएक वर्षं झाली असतील नसतील.

खाली राहिलेल्या रस्त्यातली एक लेन बसला दिली असती तर? हा विचार पुण्याला नवा नाही. देशातली पहिली बीआरटी, म्हणजे बससाठी राखून ठेवलेली लेन, आपल्याच शहराने डिसेंबर २००६ मध्ये कात्रज, स्वारगेट, हडपसर मार्गावर चालवून दाखवली. ती नीट चालली नाही, हे खरं. लेनमध्ये दुचाक्या घुसल्या, थांबे रस्त्याच्या मधोमध आणि तिथवर पोचायला सुरक्षित वाट नाही, काही ठिकाणी लेन चौकाआधीच संपायची, म्हणजे जिथे तिची सर्वांत जास्त गरज तिथेच बस पुन्हा कोंडीत. पण या प्रत्येक दोषावर उपाय होता. आपण दोष काढायच्या ऐवजी लेनच काढली. नगर रस्त्यावरची बीआरटी उखडून टाकली तेव्हा रस्ता मोकळा होईल असं सांगितलं गेलं. मोकळी झालेली ती जागा मोटारींना मिळाली. माझ्यासारख्या दुचाकीवाल्यांनीही बीआरटीत घुसून तिचं नुकसान केलं, घाईत मीसुद्धा एक-दोनदा गेले आहे आणि त्याची मला लाज वाटते. कडेला एक हवालदार उभा असता आणि त्याने पावती फाडली असती तर मी गेले नसते.

मूळ दुखणं मात्र बसच्या संख्येत आहे. केंद्राच्या मापदंडानुसार लाख लोकांमागे साठ बस असतील तर ती चांगली सेवा. २०११ च्या जनगणनेत दोन्ही महापालिका मिळून अठ्ठेचाळीस लाखांच्या आसपास लोक होते. त्या जुन्या आकड्यावरही जवळजवळ एकोणतीसशे बस लागतात. त्यानंतर आमच्या धायरीसह अकरा गावं २०१७ साली पुण्यात आली, २०२१ साली आणखी तेवीस. हिंजवडी, वाघोली, मांजरी कुठल्या कुठे पसरल्या. आणि रोज प्रत्यक्ष रस्त्यावर येणाऱ्या बस दोन हजारांच्याही आत. २०१८ सालीच पुण्यात नोंद झालेल्या वाहनांची संख्या माणसांपेक्षा जास्त झाल्याची बातमी सगळ्यांनी वाचली होती. ते आकडे लोकांच्या हौसेचे म्हणून सोडून देऊ नका. त्यात माझ्या आईची लूना आहे, माझी स्कूटर आहे.

लोकांना बस नकोच आहे, असं कुणी म्हणत असेल तर १ नोव्हेंबर २०१२ हा दिवस आठवावा. एका वर्तमानपत्राच्या पुढाकाराने त्या दिवशी शहरात ‘बस डे’ झाला. मिळतील तिथून जादा गाड्या आणून रस्त्यावर सोडल्या. मुलगी तेव्हा चार वर्षांची होती, तिला कडेवर घेऊन मी बसने गेले होते. थांब्यावर जाऊन उभं राहावं आणि बस यावी, पुन्हा पाठोपाठ दुसरी यावी, हे त्या दिवशी पाहिलं. ओळखीचे कितीतरी लोक गाडी ठेवून आले होते, त्यात मोटारवालेही होते. एकमेकांकडे बघून हसत होते. दुसऱ्या दिवशी जादा गाड्या परत गेल्या आणि आम्ही आपापल्या किल्ल्या पुन्हा उचलल्या.

म्हणून आवाहन आम्हाला करण्याआधी काही गोष्टी आपण कराव्यात. सगळ्या शहराला एकदम नको. दहा मार्ग निवडा, ज्यांवर गर्दी सर्वांत जास्त. त्या दहांवर सकाळी सहा ते रात्री अकरा दर आठ मिनिटांनी बस येईल असं ठरवा, आणि गाड्या मागे-पुढे झाल्या की टर्मिनलला बसलेल्या माणसाला एखादी रोखून, एखादी मधूनच वळवून अंतर सारखं करायचा अधिकार द्या. गाडीत जीपीएस आहेच. त्या मार्गांवरच्या सिग्नलला बस दिसली की हिरवा दिवा थोडा लांबवा. थांब्यापुढे रिक्षा आणि टेम्पो उभे राहणार नाहीत एवढं वाहतूक शाखेने बघावं. आणि थांब्याला सावली द्या. जाहिरातीचा झगमगीत फलक नसला तरी चालेल, पत्रा आणि बाक पुरे.

रात्रीचं मात्र वेगळं सांगायला हवं. साडेआठनंतर आमच्या भागात बस विरळ होतात आणि थांब्यावरचा दिवाही बंद असतो. त्या महिन्यात दोनदा मला उशीर झाला आणि दोन्ही वेळा मी रिक्षाने आले, मीटरवर यायला तयार होणारी रिक्षा शोधण्यात वीस मिनिटं गेली. दुकानात, दवाखान्यात, कॉल सेंटरमध्ये रात्रपाळी करणाऱ्या मुलींना सकाळची बस कितीही चांगली मिळाली तरी त्या गाडीच घेणार. परतीची खात्री नसेल तर जातानाही कुणी बसने जात नाही.

महिना संपल्यावर मी स्कूटरवरचं कापड काढलं. बॅटरी उतरली होती, किक मारून चालू करावी लागली. त्या दिवशी सव्वासातला आईकडून घरी पोचले आणि मला बरं वाटण्याऐवजी हरल्यासारखं वाटलं.

या जूनमध्ये मुलगी कॉलेजला जाईल. ती अठराची झाली आहे, शिकाऊ लायसन्स काढलंय, आणि घरात तिसरी दुचाकी घ्यायची बोलणी सुरू आहेत. तिचे वडील म्हणतात घेऊन टाकू. मला त्या रस्त्यावर, त्या डंपरांच्या मधून तिला रोज पाठवायचं नाही. तिला बस आवडते, खिडकीत बसून गाणी ऐकत जायला तिची तयारी आहे. तिच्या कॉलेजमध्ये प्रॅक्टिकल संध्याकाळी साडेसहाला संपतात. मी शोरूमला जुलैअखेरपर्यंत थांबायला सांगितलं आहे. साडेसहानंतर शिवाजीनगरहून धायरीकडे किती वाजता बस निघेल, त्यानंतरची किती वाजता, आणि त्या ठरल्या वेळेला रोज येतील की नाही, एवढं आपण मला तोवर लेखी कळवावं.

आपली,
धायरीची एक रहिवासी आणि प्रवासी